दोराचं दुसरं टोक

आमच्या क्वार्टर्सच्या गच्चीवरून मौला अलीचा खडक दिसतो. वर दर्गा आहे, जायला पायऱ्या आहेत, चढायला एक पैसा लागत नाही. त्यामुळे "मी शनिवारी पैसे देऊन एका खोट्या भिंतीवर चढायला जाणार आहे" असं मी घरी जाहीर केलं तेव्हा आईने फक्त खिडकीकडे बोट दाखवलं. पप्पांनी पेपरमधून मान वर काढली आणि एकच विचारलं, "खालून कोण धरणार?"

मी म्हटलं, "असतो कुणीतरी." ते पुन्हा पेपर वाचायला लागले. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मंडळाच्या गेल्या दोन बैठकांमध्ये कवितेवरची चर्चा चालू असताना मी मध्येच दोर आणि गाठी आणल्या, तेव्हा संपादकांनी दम दिला की बोलू नकोस, लिहून दे. म्हणून हे.

कल्पना माझी नव्हती. ती आमच्या वर्गातल्या नांदेडच्या मुलीची. हॉस्टेलला राहते, कशालाही "चल की" म्हणते, तिला या लेखात मी नांदेडकरीण म्हणणार आहे कारण तिने नाव छापायला मनाई केली आहे. मेट्टुगुड्याहून मेट्रो धरून आम्ही थेट रायदुर्गला उतरलो, मग शेअर ऑटो, मग एक गोदामासारखी शेड. आत शिरल्यावर आधी वास येतो: रबर, घाम आणि खडूची पूड. मग मान वर जाते.

भिंत म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ठोकलेले प्लायवूडचे जाड पत्रे. प्रत्येक पत्र्याला शेकडो भोकं, आणि भोकामागे नट बसवलेला. त्या नटांत बोल्टने रंगीबेरंगी गोळे, चकत्या, शिंगं, बशा आवळलेल्या असतात. हे 'होल्ड'. रेझिनचे असतात, वरून खरखरीत. दर काही आठवड्यांनी ते काढून, धुऊन, वेगळ्या जागी लावतात, त्यामुळे भिंत तीच राहते पण वाट बदलते. वाट आखणाऱ्या माणसाला 'रूट सेटर' म्हणतात. एका रंगाचे होल्ड म्हणजे एक वाट. हिरव्या वाटेवर असाल तर शेजारचा सुंदर, जाडजूड पिवळा होल्ड तुमच्यासाठी नाहीच. पहिल्या दिवशी मी तो चारदा धरला.

आपल्याकडे या सगळ्याला 'प्रस्तरारोहण' असा भारदस्त शब्द आहे. सह्याद्रीतली मंडळी तो छापील लेखांत वापरतात आणि कड्यावर मात्र सरळ 'क्लाइंबिंग' म्हणतात. पण प्रस्तर म्हणजे दगड, आणि इथे दगडच नाही. घरातलं प्लायवूड-आरोहण म्हणायचं का? मी भिंत चढणं एवढंच म्हणणार आहे.

ही खोटी भिंत आली कुठून, तर ओल्या हवेतून. १९६४ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या डॉन रॉबिन्सन यांनी एका कॉरिडॉरच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले. तिथल्या हिवाळ्यात बाहेरचे कडे निसरडे. सराव करायचा कुठे? मग १९८७ मध्ये अमेरिकेत सिॲटलला पैसे देऊन चढायची पहिली व्यायामशाळा निघाली. तिथून हा प्रकार इतका पसरला की टोकियो ऑलिंपिकमध्ये (नावाला २०२०, झालं २०२१ मध्ये) तो पदकाचा खेळ होता. आपल्या जवळचं सांगायचं तर २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतल्या स्पर्धा नवी मुंबईत झाल्या, त्यामागे गिरिविहार ही मुंबईची जुनी गिर्यारोहण संस्था होती. म्हणजे मराठी माणूस यात नवखा नाही. नवखी मी.

आणि हैदराबादमध्ये खोटी भिंत लागावी यात एक विनोद आहे, तो आईने बरोब्बर ओळखला होता. हे शहरच ग्रॅनाइटवर बसलंय. अडीच अब्ज वर्षांचा दगड. गोवळकोंडा त्यावर, मौला अली त्यावर, खाजागुड्याच्या टेकड्यांवर आजही पोरं सकाळी गाद्या घेऊन चढायला जातात. पण गेल्या तीस वर्षांत किती खडक सुरुंग लावून फोडले गेले आणि त्या जागी काचेच्या इमारती आल्या, ते रायदुर्गला मेट्रोतून उतरताना दिसतं. खरे दगड फोडून झालेल्या भागात आम्ही रेझिनचे दगड धरायला गेलो होतो. असो. नवख्या माणसाने थेट खडकावर जाऊ नये हेही खरंच.

तर, प्रकार दोन. पहिला बोल्डरिंग. भिंत बुटकी, चारेक मीटर, खाली जाड गादी, दोर नाही. पडलात तर गादीवर. पडायचं कसं ते आधी शिकवतात: दोन्ही पाय टेकवा, गुडघे वाकवा, मागे लोळा, हात मागे टेकू नका. हात टेकवला तर मनगट जातं. आमच्या ट्रेनरने आम्हाला दहा वेळा नुसतं पडायला लावलं. ती आमच्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठी असेल, बारीक चणीची, आणि बोलणं पक्कं हैदराबादी. "डरो नक्को, गिरो," असं ती म्हणायची आणि आम्ही पडायचो.

बूट तिथेच भाड्याने मिळतात. ते घट्ट असतात, म्हणजे आपल्या मापापेक्षा लहान वाटावेत इतके, कारण आत पाय सरकला तर अंगठ्यावर उभं राहता येत नाही. तळवा सपाट, चिकट रबराचा. कमरेला खडूची पिशवी. हा फळ्याचा खडू नव्हे. ही मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, जिम्नॅस्ट हाताला लावतात ती. घाम शोषते. चढाईत ती आणली जॉन गिल या अमेरिकन गणितज्ञाने, १९५० च्या दशकात. तो आधी जिम्नॅस्टिक्स करायचा. गणिताचा माणूस एकीकडे प्रमेय आणि दुसरीकडे दहा फुटांचे दगड सोडवत होता हे मला फार आवडलं. बोल्डरिंगमध्ये वाटेला 'प्रॉब्लेम' म्हणतात. चढला असं म्हणत नाहीत, प्रॉब्लेम सोडवला म्हणतात.

माझा पहिला प्रॉब्लेम व्ही-झिरो होता. याहून सोपी पायरी सहसा नसते. मी दोन्ही हातांनी वरचा होल्ड धरला, कोपर वाकवून स्वतःला ओढलं, आणि तिसऱ्या होल्डवर संपले. हात म्हणजे दोन लाकडं. बोटं उघडेनात, मिटेनात. आठ वर्षांचा एक मुलगा शेजारून वर गेला, खाली आला आणि पुन्हा वर गेला.

ट्रेनरने मग जे सांगितलं ते सगळ्यात कामाचं आहे, म्हणून नीट लिहिते. बोटांमध्ये वाकवणारे स्नायू जवळजवळ नाहीतच. बोट वाकतं ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंमुळे. तिथून दोऱ्यांसारखे कंडरे बोटांपर्यंत जातात, कठपुतळीसारखे. आपण जीव मुठीत धरून होल्ड आवळतो तेव्हा ते स्नायू सतत आखडलेले राहतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि रक्त पुरेसं फिरेनासं होतं. हात टणक होतो, जळजळतो, मग सुटतो. हे ताकद कमी म्हणून होतं असं नाही. जास्त आवळलं म्हणून होतं. उपाय दोन: गरजेपुरतंच धरा, आणि हात सरळ ठेवा. हात सरळ असला की वजन हाडांवर लटकतं. कोपर वाकलेलं असलं की दंड आणि पाठ उगाच राबतात.

आणि उरलेलं वजन? ते पायांवर. शिडी चढताना आपण हातांनी स्वतःला ओढत नाही, पायांनी ढकलतो, हात फक्त तोल सांभाळतात. इथेही तेच. पण भीती वाटली की नजर वर जाते, आणि पाय कुठे आहेत ते माणूस विसरतो. ट्रेनर खालून सारखी ओरडत होती, "पाँव देखो, पाँव!" पायाचा चवडाही टेकवायचा नसतो, फक्त अंगठ्याकडचं टोक, म्हणजे टाच फिरवून कंबर भिंतीकडे वळवता येते. कंबर वळली की हात एक वीतभर लांब होतो. खरंच होतो, करून बघा, घरच्या दारापाशी उभं राहून करता येतं.

होल्डचे प्रकार पकडीवरून ओळखतात. ज्याच्या आत चारही बोटं मगाच्या कानासारखी बसतात तो 'जग', नवख्यांचा मित्र. बोटांची पेरंच टेकतील एवढी बारीक कड म्हणजे 'क्रिंप'. गुळगुळीत, गोल, काहीच धरायला नसलेला तो 'स्लोपर', त्यावर तळहात पसरून अंग खाली ठेवावं लागतं, कलिंगड धरल्यासारखं. चिमटीत धरायचा तो 'पिंच'. हे एकदा कळलं की जमिनीवर उभं राहूनच वाट वाचता येते: इथे उजवा हात, मग डावा पाय वर, मग इथे हात बदलायचा. मुरलेले चढणारे खाली उभे राहून हवेत हात हलवत असतात. लांबून पाहिलं तर वेड्यांचं इस्पितळ वाटतं. मी साहित्याची विद्यार्थिनी. पण तिसऱ्या खेपेला, आधी खाली उभं राहून दोन मिनिटं नुसती वाट वाचली आणि मग चढले, तेव्हा तो व्ही-झिरो सुटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या आठ वर्षांच्या मुलाने "गुड" म्हटलं.

दुसरा प्रकार दोराचा. भिंत उंच, आमच्याकडची बारा मीटर, म्हणजे चार मजले. दोर वर छताजवळच्या एका जाड नळीवरून आधीच टाकलेला असतो. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या माणसाकडे. चढणारा वर जातो तसा दोर सैल पडतो, खालचा माणूस ती सैल ओढून घेतो. चढणारा सुटला तर जागच्या जागी लटकतो. याला 'टॉप रोप' म्हणतात, आणि खालच्या माणसाच्या कामाला 'बिले'. मूळ शब्द खलाशांचा: जहाजावर दोराला खुंटीभोवती वेढे देऊन अडकवणं. मराठीत आपले लोक "बिले देणे" म्हणतात. बघा, शब्द परका, पण क्रियापद आपलं चिकटलं. हात देणे, खांदा देणे, बिले देणे.

आधी मी चढले, ट्रेनरने बिले दिला. अर्ध्यापर्यंत मजा आली. वर पोचल्यावर एक गोष्ट कळली जी कुणी सांगितली नव्हती: चढण्यापेक्षा उतरणं कठीण. उतरायचं म्हणजे हात सोडून, दोराच्या भरवशावर मागे रेलून बसायचं आणि भिंतीला पाय लावत खाली यायचं. म्हणजे डोक्याला ठाऊक असतं की दोर आहे. हातांना ठाऊक नसतं. मी शेवटचा होल्ड धरून तिथे किती वेळ होते कोण जाणे. खालून नांदेडकरीण ओरडली, "अगं बस की, खुर्चीत बसल्यासारखी!" शेवटी हात दमले म्हणून सुटले. दोर थोडा ताणला गेला, मी जेमतेम फूटभर खाली आले आणि थांबले. चढाईचा दोर नायलॉनचा असतो. आत गाभा, बाहेर विणलेलं वेष्टण. तो मुद्दाम थोडा ताणणारा बनवतात, म्हणजे पडणाऱ्याला झटका बसत नाही.

मग ट्रेनर म्हणाली, आता तुम्ही दोघी एकमेकींना बिले द्या.

इथे मला थांबून एक सांगायला हवं. गेल्या डिसेंबरात पप्पा आमच्या बाल्कनीवर नाताळचा स्टार लावत होते. दरवर्षी तेच लावतात. मी शिडी धरली होती. फरशी नुकतीच पुसलेली होती, माझा फोन वाजला, मी एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने फोन पाहिला. बस, एवढंच. उंची सहा फूटही नव्हती. त्यांच्या टाचेचं हाड मोडलं. पप्पा लोको पायलट आहेत. चार महिने त्यांना गाडीवर जाता आलं नाही, मेडिकल पास होईपर्यंत घरीच. गाडीवर नाही म्हणजे रनिंग भत्ता नाही, आणि त्याच वर्षी धाकट्याची फी. त्यांनी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. आईलाही सांगितलं, "शिडीच ती, सरकते." तेव्हापासून मी कुणासाठी काही धरलेलं नाही. पार्सल धरायला सांगितलं तरी मी दोन्ही हातांनी धरते.

म्हणून मी ट्रेनरला म्हटलं, मी फक्त चढते, बिले तुम्हीच द्या. तिने कारण विचारलं. मी सांगितलं, का कोण जाणे, अनोळखी बाईला सगळं सांगितलं. ती "अरेरे" म्हणाली नाही. तिने विचारलं, "सीढ़ी को किसने चेक किया था?" मी म्हटलं, कुणी नाही. "तेरे को किसने चेक किया?" कुणी नाही. मग तिने गादीवर बसून आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर घरी येऊन वाचून खात्री करून घेतली.

लिन हिल ही जगातल्या सर्वांत थोर चढणाऱ्यांपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समध्ये ब्यू नावाच्या ठिकाणी ती एक तिच्या दृष्टीने सोपी वाट चढली. चढायच्या आधी कमरेची गाठ बांधता बांधता तिचं लक्ष दुसरीकडे गेलं आणि गाठ अर्धी राहिली. वर पोचेपर्यंत काही कळलं नाही, कारण चढताना दोरावर वजन पडत नाही. वर जाऊन ती मागे रेलली, आणि सत्तरेक फूट खाली आली. मध्ये झाडाच्या फांद्या आल्या म्हणून वाचली. चार वर्षांनी, १९९३ मध्ये, तिने अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटानच्या 'द नोज' या वाटेवर दोराचा उपयोग फक्त पडल्यावर झेलण्यापुरता ठेवून, केवळ हातापायांनी चढाई केली. तोवर ते कुणालाही, बाई असो की पुरुष, जमलं नव्हतं. मुद्दा असा की गाठ विसरणारी ही बाई नवखी नव्हती, निष्काळजीही नव्हती. माणूस होती. माणसाचं लक्ष जातं.

भिंत चढण्याची सगळी व्यवस्था हे गृहीत धरूनच बांधलेली आहे, आणि मला वाटतं नवख्याने शिकायची खरी गोष्ट तीच. ती अशी.

चढणारा कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, दोर 'फिगर एट' गाठीने बांधतो. आठची गाठ म्हटल्यावर मी आपला मराठी आठ डोळ्यांपुढे आणला आणि काहीच जुळेना. तो इंग्रजीतला आठ आहे, एकावर एक दोन वेढे. दोरात एक आठ करायचा, टोक हार्नेसच्या दोन्ही कड्यांतून घालायचं, आणि त्याच आठच्या मागोमाग तसंच उलट फिरवत आणायचं. बरोबर झाली तर गाठीत दोराच्या पाच जोड्या समांतर दिसतात. मोजायच्या. दरवेळी मोजायच्या.

बिले देणाऱ्याच्या हार्नेसला एक यंत्र असतं, कॅरॅबिनर या कुलूप लागणाऱ्या कडीने अडकवलेलं. त्यातून दोर वळसा घेऊन जातो. खाली लोंबणारं टोक ज्या हातात, तो 'ब्रेकचा हात'. तो खाली दाबला की दोर यंत्रात तीव्र वळतो आणि घर्षणाने अडतो; त्यामुळे मनगटाच्या ताकदीवर माणूस तोलावा लागत नाही, हलकीशी पकड पुरते. वर नळीवरच्या घर्षणानेही काही भार कमी होतो. दोर ओढताना हाताची चाल ठरलेली आहे: ओढा, खाली दाबा, दुसरा हात खाली आणून धरा, मग पहिला हात वर सरकवा. या चारही टप्प्यांत एक क्षणही असा नाही की ब्रेकच्या बाजूला हात नाही. ट्रेनर म्हणाली ते मी वहीत जसंच्या तसं लिहिलंय: "ब्रेक का हात छोड़ना नक्को, नाक खुजलाई तो भी नक्को."

तरी हात सुटला तर? आमच्याकडे होतं ते यंत्र ग्रीग्री जातीचं. दोराला अचानक झटका बसला की आतला खटका फिरतो आणि दोर चिमटीत पकडतो. पेत्झल या फ्रेंच कंपनीने ते १९९१ मध्ये आणलं. ग्रीग्री म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला ताईत. पण ताईत समजून गळ्यात घालून निर्धास्त व्हायचं नाही, यंत्र उलटं लावलं तर ते काही करत नाही. म्हणून शेवटचा टप्पा: चढायच्या आधी दोघांनी एकमेकांना तपासायचं. तुझा पट्टा घट्ट आहे? हात लावून बघायचं. तुझी गाठ? पाच जोड्या, मोठ्याने मोजायच्या. माझं यंत्र सुलटं आहे? दोर ओढून दाखव. कडीला कुलूप आहे? दाबून बघ. मग चढणारा विचारतो, "ऑन बिले?" खालचा सांगतो, "बिले ऑन." त्यानंतरच पाय भिंतीला. जे वर्षानुवर्षं चढताहेत तेही हे करतात. आमच्यासमोर पांढऱ्या दाढीचे एक काका आणि त्यांची मुलगी हे सगळं मोठ्याने म्हणत होते, रोजची प्रार्थना म्हणावी तसं.

नांदेडकरीण माझ्यापेक्षा बारा किलोने जास्त आहे (हे छापायला तिने परवानगी दिली आहे, नावाला नाही). तिने पट्टा दाखवला, मी हात घालून ओढला. जोड्या मोजल्या. तिने माझं यंत्र बघितलं, दोर खेचला, कडी दाबली. ट्रेनर माझ्या मागे, ब्रेकच्या दोराचं शेपूट हातात धरून उभी. नवख्यांसाठी हा तिसरा हात असतो. माझा फोन लॉकरमध्ये होता. मी तो मुद्दाम ठेवला होता आणि किल्ली ट्रेनरकडे दिली होती.

ती चढली. मी ओढा, दाबा, धरा, सरकवा करत राहिले. मान दुखायला लागली, कारण सतत वर बघायचं असतं. सातव्या की आठव्या होल्डवर तिचा पाय घसरला. ओरडली की नाही आठवत नाही. माझ्या हार्नेसला वर हिसका बसला आणि माझे पाय गादीवरून वीतभर सुटले; वजनात फरक असला की हलका माणूस असा उचलला जातो, फरक फार असेल तर खाली वाळूची पिशवी किंवा जमिनीतली कडी लावतात. मी हवेत, ती हवेत, दोघी एकाच दोराला. ब्रेकचा हात मांडीपाशी होता. तो तिथे मी ठेवला असं म्हणता येणार नाही, तो तिथेच होता.

ती वरून म्हणाली, "धरलंस ना?" मी म्हटलं, "धरलंय." मग ती पुन्हा चढायला लागली, जणू काही झालंच नाही. खाली आल्यावर तिने बटाटेवडे कुठे मिळतील हे विचारलं. मी मात्र पाच मिनिटं गादीवर बसून होते. उजवी मूठ उघडायला डावा हात लागला.

घरी आल्यावर पप्पांनी पुन्हा तेच विचारलं. या वेळी मी आईची ओढणी घेतली, जेवणाच्या खुर्चीची पाठ वरची नळी केली, आणि सगळं करून दाखवलं: गाठ, जोड्या, ब्रेकचा हात. ते इंजिनाची तपासणी करावी तसे बघत होते. "हात सुटला तर?" मी खटका सांगितला. "खटका उलटा लावला तर?" मी एकमेकांना मोठ्याने विचारायचं ते सांगितलं. तेव्हा ते हसले. म्हणाले, "हे तर आमचंच आहे." इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक दोघेही समोरच्या प्रत्येक सिग्नलचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगतात. दोघांना दिसत असतो तरी सांगतात. वीस वर्षं शेजारी बसलेले असले तरी सांगतात. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण ते कशासाठी आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

मग मी शिडीचं बोलले. पहिल्यांदाच. ते ओढणीची गाठ सोडवत होते. म्हणाले, "मी पण वर चढण्याआधी विचारलं नव्हतं ना, धरलीस का म्हणून." आणि गाठ सुटेना म्हणून ओढणी माझ्याकडे दिली.

मी आता दर दुसऱ्या शनिवारी जाते. मंडळातल्या पाच जणांनी यायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी चार सूचना. नखं अगदी कापून या. अंगठ्या, कडी, गळ्यातली साखळी घरी ठेवा. अंगठी होल्डमध्ये अडकली तर बोटाचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही. केस लांब असतील तर घट्ट बांधा, बिलेच्या यंत्रात जातात. ढगळ कुर्ता नको. दुसऱ्या दिवशी दात घासायला ब्रश धरता येणार नाही, ते दोन दिवसांत बरं होतं. घोरपडीचा विनोद करू नका, तो वर्गात सगळ्यांनी करून झालाय. आणि करायचाच असेल तर आधी मला सांगा की त्या घोरपडीची गाठ कुणी तपासली होती. नांदेडकरीण व्ही-टूवर पोचली आहे आणि ते ती तुम्हाला मेट्रोत बसल्या बसल्या सांगणारच आहे. मी अजून व्ही-वनवर आहे, पण बिले द्यायला मला घ्या.